गॅसविना मिग : अहमदपूरच्या शेडमधला एक धडा

पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आर्क वेल्डिंगचा जॉब आपण सगळ्यांनीच केलाय. रॉड चिकटतो, सर ओरडतात आणि सबमिशनच्या दिवशी शेजारच्याचा जॉब आपल्या नावावर जमा होतो! मिग वेल्डिंग मात्र बहुतेकांनी जर्नलमध्ये आकृती काढण्यापुरतंच पाहिलेलं असतं. मला ते खरं कळलं अहमदपूरला, मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, काकांच्या शेडमध्ये.

काकांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, पत्र्याची शेडं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. शेड तीन बाजूंनी उघडं. त्यांनी एक जुनी थ्री-फेज मिग मशीन सेकंडहँड घेतली होती, पण ती कोपऱ्यात धूळ खात पडलेली. कारणं दोन. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर लातूरहून भरून आणावं लागायचं आणि दुपारनंतर वारं सुटलं की वेल्डची चाळण व्हायची.

"बाळा, तू इंजिनिअरिंगला हायस ना? मग हिचं कायतरी कर बघ," काका म्हणाले. मी फुशारकीनं म्हटलं, "काका, तुम्ही फक्त फ्लक्सवाली तार आणा. बाकी मी बघतो."

वाऱ्याचा आणि वेल्डचा संबंध काय?

वितळलेल्या लोखंडाला हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन लागू द्यायचा नसतो. मिगमध्ये हे काम नोझलमधून येणारा गॅस करतो. ताशी साधारण ८ किलोमीटरच्या वाऱ्यानंही हे गॅसचं पांघरूण उडतं आणि वेल्डमध्ये बारीक छिद्रं, म्हणजे पोरॉसिटी तयार होते.

फ्लक्स-कोअर्ड तार आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत फ्लक्सची भुकटी भरलेली असते. आर्कच्या उष्णतेनं भुकटी जळून गॅस होतो, वर स्लॅगचा थर येतो आणि भुकटीतलं ॲल्युमिनियमसारखं द्रव्य उरलेला ऑक्सिजन-नायट्रोजन बांधून ठेवतं. थोडक्यात, रॉडवरचं आवरण आत घातलं की ही तार झाली. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी ती बाजारात आली.

पण सावधान, या तारेच्या दोन जाती आहेत. एक स्वतःचं संरक्षण स्वतः करणारी. दुसरीला फ्लक्स असूनही बाहेरून गॅस लागतोच. दुकानात नुसतं "फ्लक्सची तार द्या" म्हणून चालत नाही.

माझी फजिती

तार आली. मी जुनी तार काढली, नवी ओवली, सिलिंडर बंद केलं आणि ट्रिगर दाबला. फटफट आवाज, सगळीकडे स्पॅटरचा सडा आणि जॉबवर फुटाण्यासारखे गोळे! थोड्या वेळानं तार फीडरमध्येच गुंतली. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "ह्याच्यापेक्षा माझा रॉड काय वाईट होता?"

तेव्हा कुठे मी रिळाच्या खोक्यावरचा कागद वाचला. तो आधी वाचायचा असतो, हा पहिला धडा.

बदल कोणते करायचे?

१) पोलॅरिटी : साध्या मिगमध्ये गन पॉझिटिव्हला आणि जॉब निगेटिव्हला असतो. गॅसविना चालणाऱ्या बहुतेक बारीक तारांना उलटं लागतं, म्हणजे गन निगेटिव्ह. फीडरकडे जाणारी पॉवर केबल आणि अर्थची केबल यांची अदलाबदल करायची. काही मशीनमध्ये हे बोल्ट बाहेर असतात, काहींमध्ये साइडच्या पत्र्याआड. पत्रा उघडायचा असेल तर भिंतीवरचा मेन स्विच बंद करा, नुसतं मशीनचं बटण नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून जाणकार इलेक्ट्रिशियन जवळ हवा. सप्लायच्या वायरींना अजिबात हात लावायचा नाही. बदल फक्त वेल्डिंगच्या केबलचा.

२) रोल : भरीव तारेला गुळगुळीत व्ही-खाचेचा रोल चालतो. पोकळ तार मऊ असते. त्या रोलवर ती घसरते, म्हणून आपण दाब वाढवतो आणि मग ती चपटी होऊन अडकते. माझं नेमकं हेच झालं होतं. तारेच्या मापाचा दातेरी रोल लावा आणि तार न घसरता जाईल एवढाच दाब ठेवा.

३) लायनर आणि टिप : लायनर काढून हवेनं साफ करा. टिप तारेच्या मापाचीच हवी. तार १.२ मिलिमीटर तर टिपही १.२ ची.

४) नोझल : गॅसचं नोझल लागत नाही. ते काढल्यावर आर्क चांगला दिसतो, पण आतल्या आट्यांवर स्पॅटर बसू नये म्हणून छोटी टोपी लावावी. गॅसचा व्हॉल्व्ह आणि नळी तशीच राहू द्या. उद्या परत गॅसवर जायचं झालं तर पंचाईत नको.

५) हात : टिपेबाहेर तार साधारण १५ ते २० मिलिमीटर ठेवायची, मिगपेक्षा जास्त. गन पुढे ढकलायची नाही, रॉडसारखी ओढत न्यायची. प्रत्येक थरानंतर चिपिंग हॅमर आणि वायर ब्रश. स्लॅग तसाच ठेवून वर दुसरा थर दिला तर तो आतच गाडला जातो.

तारेचं नाव वाचायला शिका

खोक्यावर 'ई ७१ टी-११' असं काहीतरी असतं. 'ई' म्हणजे इलेक्ट्रोड. '७' म्हणजे वेल्डची ताणशक्ती किमान ७०,००० पौंड प्रति चौरस इंच. '१' म्हणजे सर्व पोझिशनमध्ये चालणारी. 'टी' म्हणजे नळीसारखी. शेवटचा '११' सांगतो की ती कशी वापरायची. ही तार गॅसविना आणि गन निगेटिव्हवर चालते. शेवटी 'जीएस' असेल तर ती एकाच थराच्या कामासाठी असते. जाड प्लेटवर थरावर थर द्यायला ती वापरू नये.

दिसायला छान, पण टिकेल का?

सगळं बदलल्यावर बीड सुरेख आली. मी लगेच ट्रॉलीच्या हूककडे वळलो. काकांनी हात धरला. "थांब. उसानं भरलेली ट्रॉली ह्या जोडावर ओढली जाणार, अन् मागं रस्त्यावर माणसं असत्यात."

त्यांनी दोन भंगार पट्ट्या काटकोनात एकाच बाजूनं जोडायला लावल्या, व्हाइसमध्ये धरल्या आणि घणानं मोडल्या. वरून चकाचक, आत मुळाशी जोडच लागलेला नव्हता! व्होल्टेज आणि तारेचा वेग जुळवून तीन वेळा हाच खेळ केला. चौथ्या वेळी पट्टी वाकली, पण मुळापर्यंत जोड धरून होता. आपल्या पुस्तकात याला फिलेट ब्रेक टेस्ट म्हणतात. तरीही ट्रॉलीचा हूक काकांनी त्या दिवशी रॉडनंच केला.

घरी आल्यावर याच विषयावर वाचत होतो. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जड भिंतींत दगडाला दगड बांधून ठेवणारं काही नव्हतं. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत नॉर्थरिजला भूकंप झाला. तिथल्या पोलादी इमारती कोसळल्या नाहीत, पण शंभराहून अधिक इमारतींमध्ये तुळई आणि खांबाच्या वेल्डिंगच्या जोडांत तडे सापडले. अनेक ठिकाणी 'ई ७० टी-४' ही गॅसविना चालणारी फ्लक्सची तार वापरली होती. तिची ताणशक्ती भरपूर, पण धक्का सोसण्याची ताकद, म्हणजे टफनेस कमी. जोडांची रचना आणि कारागिरीतले दोषही होतेच. त्यानंतर अशा जोडांच्या वेल्डला टफनेसची किमान अट घातली गेली. स्ट्रेंग्थ आणि टफनेस यांतला फरक मला मटेरियलच्या पेपरात दोन मार्कांसाठी पाठ होता. तो समजला तेव्हा!

शेवटी थोडं

फ्लक्सच्या तारेचा धूर गॅसच्या मिगपेक्षा बराच जास्त असतो. वेल्डिंगचा धूर कॅन्सरला कारणीभूत ठरतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१७ साली काढला. म्हणून बंद खोलीत हे काम नको, आणि तोंडावर नुसता रुमाल बांधून भागत नाही. पातळ पत्रा असेल किंवा आडोशाचं काम असेल तर गॅसची मिगच बरी. तार कोरड्या जागी ठेवा. ओल लागली की पुन्हा छिद्रं.

आता काकांची मशीन रोज चालते. वारं असलं तरी शेडचे अँगल जोडले जातात. पण नवं रीळ लावलं की आधी दोन भंगार पट्ट्या आणि घण, हा नियम त्यांनी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय. आपल्या वर्कशॉपमध्येही जॉब सबमिट करण्याआधी एक जोड मोडून बघायला काय हरकत आहे? फार तर शेजारच्याचा जॉब मोडेल!