पाव मैलाची शर्यत आणि आगीचे गणित

सरळ रुंद पट्टी, तिच्यावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन मोटारी आणि समोर दिव्यांचा खांब, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. हिरवा दिवा लागताच दोन्ही मोटारी जागेवरून सुटतात. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर अंतर जी आधी कापील ती जिंकली. या खेळाला ड्रॅग रेसिंग म्हणतात व त्या पट्टीला ड्रॅग स्ट्रिप. १९५० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर अशा शर्यती नियमित सुरू झाल्या. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही त्या झाल्या आहेत.

या खेळात मोटारीला आग लागण्याचे प्रसंग येतात. ही आग का लागते? चालकाला किती वेळ मिळतो? आणि जळालेल्या गाडीची भरपाई विमा कंपनी बहुधा का नाकारते? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शाळेतल्या विज्ञान-गणिताने काढता येतात.

ऊर्जेचा हिशोब

समजा, १५०० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार शर्यतीच्या शेवटी ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर वेग गाठते. तिची गतिज ऊर्जा वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, याच्या निम्मी. हे गणित १८,७५,००० ज्यूल, म्हणजे सुमारे १.९ मेगाज्यूल येते. एक किलोग्रॅम पेट्रोल जळाले की सुमारे ४४ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. म्हणजे एवढ्या प्रचंड वेगाची सारी ऊर्जा केवळ ४३ ग्रॅम पेट्रोलात साठलेली असते!

आता टाकीकडे पाहा. ४० लिटर पेट्रोलाचे वस्तुमान सुमारे ३० किलोग्रॅम. त्यातील ऊर्जा जवळजवळ १,३०० मेगाज्यूल, म्हणजे धावत्या गाडीच्या गतिज ऊर्जेच्या सुमारे ७०० पट. आगीत गाडीचा सांगाडाच का उरतो, ते यावरून ध्यानात येईल.

आग का लागते?

ज्वलनास तीन गोष्टी लागतात : इंधन, ऑक्सिजन आणि उष्णता. पेट्रोलाची वाफ शून्याखाली ४० अंश सेल्सिअस तापमानालाही ठिणगीने पेट घेऊ शकते. ही वाफ हवेहून जड असल्याने खाली साचते. इंधनाची नळी निसटली आणि जवळ ठिणगी उडाली, की काम झाले.

इंजिनाच्या तेलाची गोष्ट वेगळी आहे. पेट्रोल तापलेल्या धातूवर सांडले तर पुष्कळदा पेटण्याआधीच त्याची वाफ होऊन ती पांगते. तेल मात्र धातूला चिकटून राहते आणि तापत जाते. शर्यतीत इंजिन पूर्ण जोरात असताना धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या ६०० अंशांच्या वर तापतात. त्यांवर तेल सांडले, तर ठिणगीवाचूनही भडका उडतो.

पूर्वी खास शर्यतीच्या मोटारींत इंजिन पुढे आणि चालक त्याच्या मागे बसे. काही फुटले की तेल, ज्वाळा व तुकडे त्याच्याच अंगावर येत. १९७० मध्ये डॉन गार्लिट्स या प्रसिद्ध चालकाच्या गाडीतील गतिबदलाची पेटी फुटली व त्याच्या उजव्या पावलाचा भाग तुटला. त्यानंतर त्याने इंजिन चालकाच्या मागे ठेवणारी गाडी तयार केली. पुढच्याच वर्षी ती यशस्वी ठरली आणि इतरांनीही ती रचना उचलली.

सेकंदांचा हिशोब

शर्यतीची रेषा ओलांडताना आग लागली असे धरा. वेग सेकंदाला ५० मीटर. ब्रेकमुळे तो दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात घटत असेल, तर गाडी थांबायला सुमारे ७ सेकंद लागतील. पट्टा सोडून, दार उघडून बाहेर पडायला आणखी ५ सेकंद. एकूण १२.

चालकाचे अग्निरोधक कपडे ठराविक तीव्रतेच्या ज्वाळेपुढे तपासतात. कातडीला दुसऱ्या दर्जाची भाजणी होईपर्यंतचा वेळ सर्वांत साध्या, एकपदरी जाकिटात सुमारे ३ सेकंद असतो. त्याहून वरच्या एका प्रतीत तो १० सेकंद व सर्वांत जाड पोषाखात ४० सेकंद असतो. आपले १२ सेकंद यांच्याशी ताडून पाहा. साधा सुती सदरा घालून पट्टीवर उतरणे किती वेडेपणाचे आहे, हे निराळे सांगायला नको.

येथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पेटलेल्या गाडीचे झाकण एकदम उघडू नये, कारण आत नवा ऑक्सिजन शिरून भडका वाढतो. पेट्रोलाच्या आगीवर बादलीने पाणी ओतू नये, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगते व आग पसरते. तिथे कोरडी भुकटी किंवा फेस वापरतात. आणि गाडीपेक्षा माणूस मोलाचा, म्हणून आधी दूर व्हावे.

विम्याचा हिशोब

विमा म्हणजे संभाव्यतेचे गणित. समजा, १०,००० मोटारींपैकी वर्षात ५ जळतात आणि प्रत्येकीची किंमत ८ लाख रुपये आहे. एकूण नुकसान ४० लाख, म्हणजे प्रत्येक मालकाच्या वाट्याला ४०० रुपये. पण शर्यतीत उतरणाऱ्या गाड्यांत दर २०० मध्ये एक जळत असेल, तर वाटा ४,००० रुपयांवर जातो. ही संख्या केवळ उदाहरणासाठी आहे. मुद्दा असा की, दोन्ही गटांना एकाच हप्त्यात बसवले तर शर्यतीचा भार बाजारहाट करणाऱ्यांवर पडेल.

म्हणूनच अमेरिकेतील खासगी मोटारीच्या नेहमीच्या विमापत्रात शर्यतीच्या जागी शर्यत वा सराव करताना झालेले नुकसान सामान्यतः वगळलेले असते. भारतातील विमापत्रातही संघटित शर्यत व वेगचाचणी हे उपयोग वगळलेले असतात. शर्यतीसाठी वेगळा, अधिक हप्त्याचा विमा घ्यावा लागतो. तो नसेल आणि गाडी कर्जाची असेल, तर राख झालेल्या गाडीचे हप्ते मालकाला फेडावेच लागतात.

आग दुसरीकडेच लागली असे सांगून भागेल का? ती फसवणूक होईल, आणि शिवाय अवशेष बोलतात. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तांबे १,०८५ अंशांना. कुठे काय वितळले आणि काय टिकले, यावरून तपासनीस त्या जागेच्या तापमानाचा व आगीच्या मार्गाचा अंदाज बांधतो.

स्वाध्याय

१. गाडीचा वेग दुप्पट झाला, तर त्याच ब्रेकने थांबण्याचा वेळ किती पट होईल? आणि अंतर किती पट?

२. एक किलोग्रॅम पेट्रोलाला जळण्यासाठी १४.७ किलोग्रॅम हवा लागते व ४४ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या नायट्रोमीथेनला १.७ किलोग्रॅम हवा लागते व ११.३ मेगाज्यूल मिळतात. एक किलोग्रॅम हवेमागे कोणते इंधन अधिक ऊर्जा देते? नायट्रोमीथेनला हवा इतकी कमी का लागते?

३. घरच्या वाहनाचे विमापत्र वडीलधाऱ्यांकडून मागून घ्या आणि त्यात कोणकोणते उपयोग वगळले आहेत ते वाचून काढा.