वाहनांचे उद्याचे इंधन : आड आणि पोहरा

पाण्याचे विद्युत्‌विघटन शिकवीत असता पदवीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, पाण्यात जर हायड्रोजन आहे, तर गाडी पाण्यावर का चालू नये?” वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न हसण्याजोगा वाटला नाही. कारण हायड्रोजनविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, त्यातील पुष्कळसे त्या प्रश्नाच्याच पायरीवर उभे असते.

पाणी ही हायड्रोजनची राख होय. हायड्रोजन जळून गेल्यावर उरते ते पाणी, आणि राखेतून पुन्हा लाकूड करावयाचे तर जळताना मिळाली त्याहून अधिक ऊर्जा ओतावी लागते. पृथ्वीवर कोळशाच्या खाणी आहेत, तेलाच्या विहिरी आहेत. पण मोटारी चालवता येतील एवढा मोकळा हायड्रोजन हाती लागलेला नाही. तो तयार करावा लागतो. आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? हायड्रोजन हा पोहरा आहे, आड नव्हे. कोणत्याही नव्या इंधनाची चर्चा निघाली की विद्यार्थ्यांनी प्रथम विचारावे : आड कोणता, आणि वर येईपर्यंत पोहरा किती गळतो?

हायड्रोजनवर गाडी ही कल्पना तशी जुनीच. स्वित्झर्लंडच्या रिवाझने १८०७ च्या सुमारास हायड्रोजनच्या स्फोटावर चालणारे इंजिन बनविले होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले, तेव्हा देशात अनेक बसगाड्यांच्या पाठीशी कोळशाची भट्टी बसविण्यात आली. अपुऱ्या हवेत कोळसा जाळून निघणाऱ्या त्या ‘प्रोड्यूसर गॅस’मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या जोडीला थोडा हायड्रोजनही असे. चढावर गाडी दमे. निम्म्याच्या आसपास वायू तर निरुपयोगी नायट्रोजनच होता! युद्ध संपले, पेट्रोल आले, भट्ट्या गेल्या.

आता थोडा हिशेब. एक किलो हायड्रोजन सुमारे पावणेतीन किलो पेट्रोलइतकी उष्णता देतो, हे वाचून मन हरखते. परंतु साध्या दाबाखाली तो एक किलो मावायला दोन मीटर लांब-रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली लागेल. म्हणून तो हवेच्या ३५० ते ७०० पट दाबाखाली टाकीत कोंबावा लागतो. ७०० पट दाबानेही एका किलोला २५ लिटर जागा लागते. तेवढीच उष्णता देणारे पेट्रोल चार लिटरांच्या आत मावते. द्रवरूप करावा म्हटले तर उणे २५३ अंश तापमान हवे.

विजेचा हिशेब याहून बोलका आहे. एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढण्यास ५० ते ५५ युनिट वीज लागते, आणि त्यात साठते सुमारे ३३ युनिट ऊर्जा. ती दाबण्यात आणखी काही जाते. मग गाडीतील इंधनघट, म्हणजे हायड्रोजनपासून पुन्हा वीज करणारे यंत्र, तिच्यातील निम्म्याच्या आसपास हाती देते. शंभर युनिटांतील जेमतेम तीस चाकापर्यंत पोचतात. तीच वीज सरळ बॅटरीत भरली तर सत्तर-पंचाहत्तर पोचतात. म्हणजे ज्या विजेवर हायड्रोजनची एक बस धावेल, तिच्यावर बॅटरीच्या दोन बसगाड्या धावतील आणि वर थोडी शिल्लक राहील.

आमच्या हैदराबादेत हा प्रश्न कागदावरचा नाही. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांनिशी येथे बससेवा सुरू केली, आजची आर.टी.सी. हा तिचाच वारसा. मार्च २०१९ मध्ये विमानतळाच्या मार्गावर ४० विजेच्या बसगाड्या आल्या, आणि २०२५ मध्ये केंद्राच्या योजनेतून शहराच्या वाट्याला आणखी २००० ठरल्या. शहरी बसला दिवसाचे अंतर ठाऊक असते, रात्री ती आगारात परतते. तिला बॅटरीच शोभते. आपली बहुतांश वीज अजून कोळशाची आहे, हा आक्षेप खरा. पण त्याच विजेपासून हायड्रोजन केला तर कोळसा दुपटीहून अधिक जळेल, हेही तितकेच खरे.

मद्यार्काचा आड शेतात आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ मध्ये गाठला. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी. म्हणून अशा मिश्रणाच्या लिटरात सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. स्कूटरवाल्यांची तक्रार अगदीच हवेतली नाही! खरी अडचण उसाच्या पाण्याची आणि मका-तांदळाच्या वाटणीची. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने यावर गोड ज्वारीचा मार्ग फार पूर्वीच धरला होता, आणि आमच्या शेजारच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅटनेही त्यावर काम केले. कणीस माणसाला, ताटाचा रस मद्यार्काला, चोथा जनावराला. पाणीही उसापेक्षा कमी. परंतु ताटे कापल्यावर रसातील साखर झपाट्याने उतरते आणि हंगाम लहान, त्यामुळे कारखाना उरलेले वर्ष कशावर चालवायचा हा पेच राहतो. तरीही कोरडवाहू दख्खनला हे पीक शोभणारे आहे, असे मला वाटते.

तिसरी वाट मिथेनॉलची. येथील ‘भेल’च्या संशोधन केंद्रात जास्त राखेच्या भारतीय कोळशापासून रोज पाव टन मिथेनॉल करणारा प्रायोगिक कारखाना जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. आपल्या कोळशातील राख परदेशी यंत्रांना झेपत नाही, ती झेपेल अशी भट्टी येथे बनली; रसायनाच्या विद्यार्थ्याने अभिमान बाळगावा असे हे काम. पण आयात तेलावरील भार हलका झाला, तरी आड कोळशाचाच राहतो.

मग हायड्रोजनला जागाच नाही काय? आहे, पण ती आधी चाकाखाली नव्हे. रामगुंडमचा युरिया कारखाना पाहा. १९८० मध्ये तो कोळशावर सुरू झाला, १९९९ मध्ये बंद पडला, आणि नव्याने उभा राहून नैसर्गिक वायूवर चालू लागला. वायूपासून हायड्रोजन, हायड्रोजनपासून अमोनिया, अमोनियापासून युरिया. वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेथे हायड्रोजनवाचून चालतच नाही, बॅटरी कामाची नाही. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे. सूर्य-वाऱ्याच्या विजेचा पहिला हायड्रोजन अशा कारखान्यांना मिळाला, तर दर किलोमागे एवढ्या कार्बन डायऑक्साइडची बचत होईल. युरियासाठी लागणारा कार्बन मात्र मग अन्य वाटेने आणावा लागेल.

वाहनांपैकी त्याचा विचार करायचा तो लांब पल्ल्याच्या जड मालमोटारींसाठी. सोलापूरमार्गे मुंबईस माल नेणाऱ्या लॉरीने बॅटरीचे कित्येक टन ओझे वाहावे की दाबाखालचा वायू न्यावा, हा प्रश्न अजून खुला आहे. बॅटऱ्या वर्षागणिक स्वस्त व हलक्या होत आहेत, त्यामुळे पारडे तिकडेही झुकेल अशी माझी अटकळ. पुण्यात केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या प्रयत्नांतून ऑगस्ट २०२२ मध्ये इंधनघटावर चालणारी बस पुढे आली. लेहमध्ये एनटीपीसीने सौर विजेपासून दिवसाला ८० किलो हायड्रोजन देणारे केंद्र पाच बसगाड्यांसाठी उभारले. या गाड्यांनी किलोमागे किती किलोमीटर दिले आणि तो किलो किती युनिटांत पडला, हे दोन आकडे जो विद्यार्थी शोधून काढील, त्याला त्या बाकावरच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा नेमके देता येईल.