मुलाची आवड हेही भांडवलच आहे

जुन्या नाशकात मोटर रिवायंडिंगचे एक दुकान आहे. मालक आमच्या ओळखीचे. त्यांचा थोरला मुलगा लहानपणापासून शाळा सुटली की दुकानात येऊन बसे. सातवीत असताना त्याने वडिलांच्या देखत घरातला बंद पंखा खोलला, कंडेन्सर बदलला आणि पंखा चालू करून दाखवला. पुढे दहावीचा निकाल लागला. गणितात बरे गुण, बाकी विषयांत जेमतेम. वडील म्हणाले, "शाळा पुरे झाली. हात चालतो आहे, उद्यापासून दुकानात बसेल. एका कारागिराची मजुरी वाचेल." मुलाला मात्र डिप्लोमा करायचा होता. वडिलांनी आम्हाला विचारले, "भाई, आवड आहे, काम येते, मग आणखी तीन वर्षे कशाला घालवायची?"

हा प्रश्न एका घरचा नाही. गॅरेज, वेल्डिंग, फर्निचर, मोबाईल दुरुस्ती असे धंदे करणाऱ्या आपल्या अनेक घरांत जून महिन्यात तो उभा राहतो. म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

नाशिकचेच उदाहरण

उत्तर शोधायला दूर जाण्याची गरज नाही. पांडवलेणीच्या पायथ्याशी ज्यांचे स्मारक आहे, ते दादासाहेब फाळके आपल्याच जिल्ह्यातले. जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. मुलाला त्याच वाटेने नेणे त्यांना सोपे होते. पण मुलाचा ओढा चित्रकलेकडे होता. १८८५ मध्ये त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घातले गेले. तेथून तो थोरल्या भावाकडे बडोद्याला गेला आणि तेथील कलाभवनात चित्रकलेबरोबर फोटोग्राफी व छपाईचे तंत्र शिकला.

पुढची वाट सरळ नव्हती. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तो चालला नाही. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गेले. पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, ती सोडली. छापखाना काढला, रंगीत छपाईचे यंत्र पाहण्यासाठी जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी पटेना, तेही सोडावे लागले. वय चाळीस झाले तेव्हा हाती धंदा नव्हता. त्या सुमारास मुंबईत त्यांनी पडद्यावर हलती चित्रे पाहिली. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, काम शिकले, कॅमेरा घेऊन परतले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. त्यानंतर त्यांनी आपले काम नाशिकला आणले आणि १९४४ मध्ये नाशिकलाच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या बुडालेल्या धंद्यांकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर काय दिसते? स्टुडिओ बंद पडला, पण कॅमेरा व अंधारखोलीचे ज्ञान राहिले. छापखाना गेला, पण रसायने आणि यंत्रे हाताळण्याचा सराव राहिला. लंडनमध्ये थोड्याच दिवसांत ते नवे तंत्र शिकू शकले, कारण त्यामागे पंचवीस वर्षांची तयारी होती. दुकान बुडते, शिकलेले बुडत नाही.

चुकलेली वाट सुधारता येते

दुसरे उदाहरण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे. जन्म १९३१, रामेश्वरम. वडिलांनी समुद्रकिनारी लाकडी होडी बांधायला घेतली, तेव्हा लहानगा अब्दुल ती आकार घेताना पाहत राही. शाळेत शिवसुब्रमण्य अय्यर या शिक्षकांनी पक्षी कसा उडतो हे वर्गात समजावले, मग मुलांना किनाऱ्यावर नेऊन उडते पक्षी दाखवले. उड्डाणाची ओढ तेथे लागली.

तरीही कॉलेजला त्यांनी भौतिकशास्त्र घेतले. पदवी मिळाल्यावर उमगले की आपली जागा इंजिनिअरिंगमध्ये आहे. मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला, पण फीसाठी सुमारे हजार रुपये हवे होते. बहीण जोहरा यांनी सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आपण लक्षात ठेवायचे ते एवढेच, की आवड मुलाची होती, तिला दिशा शिक्षकांनी दिली आणि पैसा घरच्यांनी उभा केला. यातले एक जरी नसते तरी गाडी अडली असती.

आवड खरी कशी ओळखावी?

मुलगा तासन्‌तास मोबाईल पाहतो म्हणून त्याला तंत्रज्ञानाची आवड आहे असे समजू नये. वस्तू वापरण्याची हौस वेगळी आणि ती आतून कशी चालते हे जाणण्याची ओढ वेगळी. बिघडलेली वस्तू समोर ठेवा. खोलल्यावर तो प्रत्येक स्क्रू जागच्या जागी ठेवतो का? दोष सापडला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो का? 'असे का झाले' हे विचारतो का? तसे असेल तर आवड खरी आहे. हीच कसोटी मुलींनाही लावावी. अनेक घरांत शिलाई मशीन मुलगीच दुरुस्त करते आणि कोणाच्या ते ध्यानातही येत नाही.

एक खबरदारी मात्र हवी. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. शाळेव्यतिरिक्तच्या वेळेत घरच्या धंद्यात हातभार लावता येतो, पण तो धोक्याचा नसलेल्या कामातच. १४ ते १८ वयातही धोक्याच्या कामाला मनाई आहे.

दहावीनंतरच्या वाटा

पहिली वाट आयटीआयची. त्र्यंबक रोडवर सातपूरला सरकारी आयटीआय आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर असे ट्रेड दोन वर्षांचे असतात. वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडला दहावी न झालेल्यांनाही संधी असते. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहावी. त्यानंतर सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून विद्यावेतन घेत शिकता येते.

दुसरी वाट तीन वर्षांच्या डिप्लोमाची. नाशिकला सरकारी पॉलिटेक्निक आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, आणि डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. म्हणजे मधे थांबून कमाई केली तरी दार बंद होत नाही. काम करता करता शिकू इच्छिणाऱ्यांसाठी नाशिकलाच मुख्यालय असलेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे.

कोणत्याही वाटेने गेले तरी गणित आणि कामापुरते इंग्रजी सोडता येत नाही. यंत्राची पुस्तिका वाचता आली नाही, तर कुशल हातही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतो.

शेवटी त्या दुकानाकडे येऊ. आम्ही मालकांना एकच विचारले, "बीएलडीसी पंखा दुरुस्तीला आला तर काय करता?" ते म्हणाले, "वायंडिंग असेल तर करतो. कंट्रोलरचे सर्किट असेल तर परत पाठवतो." साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, हा तीसच्या आसपास; म्हणून तो घरोघर येतो आहे. परत जाणारी गिऱ्हाइके वाढत जाणार, हे त्यांनाही दिसत होते. आम्ही म्हणालो, "आज वाचलेली मजुरी मोजा, आणि परत गेलेली गिऱ्हाइकेही मोजा."

मुलाने डिप्लोमाला प्रवेश घेतला. संध्याकाळी तो दुकानात वडिलांच्या शेजारी बसतो आणि वडील त्याला वायंडिंगची खुबी शिकवतात. कंट्रोलर अजून परतच जातात. पण आता मालक त्यातला एखादा बंद पडलेला मागून घेतात आणि मुलाच्या अभ्यासासाठी फळीवर ठेवतात.

भांडवल हाती आले की व्यापारी ते लगेच खाऊन टाकत नाही, योग्य जागी गुंतवतो. मुलाची आवड हे तसेच भांडवल आहे. ते तपासा, शिक्षणात गुंतवा आणि नफ्यासाठी थोडी वर्षे थांबा.