झाकली प्रत

कागदावरचे पत्र एका पाकिटातून एकाच घरी जाते. ईमेल मात्र एका क्षणात शेकडो लोकांच्या हाती पडू शकतो. ही सोय मोठी खरी. परंतु पुष्कळांना एकच पत्र धाडताना त्या सर्वांचे पत्ते एकमेकांस दिसावेत की नाही, याचा विचार आपण क्वचितच करतो. हा विचार ज्या सोयीमागे आहे, तिला 'बीसीसी' म्हणतात. तिचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

'बीसीसी' हे 'ब्लाइंड कार्बन कॉपी' या नावाचे संक्षिप्त रूप होय. इंग्लंडमध्ये १८०६ साली राल्फ वेजवुड यांनी कार्बन कागदाचे पेटंट घेतले. पुढे टंकलेखनयंत्र आल्यावर दोन कोऱ्या कागदांमध्ये कार्बन कागद घालून एकाच वेळी मूळ पत्र व त्याची नक्कल काढण्याची रीत कचेऱ्यांतून रूढ झाली. नक्कल कोणास पाठविली, हे पत्राच्या तळाशी नमूद करीत. परंतु एखादी नक्कल मूळ पत्र घेणाऱ्यास न कळविता धाडावयाची असल्यास ती नोंद फक्त त्या नकलेवर करीत. मूळ पत्रावर तिचा मागमूस नसे. हीच ती 'ब्लाइंड' म्हणजे झाकली प्रत. कार्बन कागद बहुतेक ठिकाणांहून गेला, पण त्याचे नाव ईमेलमध्ये टिकून राहिले. १९८२ साली ईमेलच्या रचनेचे जे नियम प्रसिद्ध झाले, त्यांतही या तिसऱ्या रकान्याची व्यवस्था आहे.

ईमेल लिहिताना पत्त्यांसाठी तीन रकाने असतात. 'टू' या रकान्यात ज्यास पत्र उद्देशून आहे त्याचा पत्ता, 'सीसी' मध्ये ज्यास ते माहितीसाठी द्यावयाचे त्याचा पत्ता. हे दोन्ही रकाने सर्वांना दिसतात. 'बीसीसी' मध्ये घातलेले पत्ते मात्र इतर कोणासही दिसत नाहीत. हे कसे घडते? पत्र आणि पाकीट या दोन भिन्न वस्तू आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे उलगडा होतो. टपालखाते पाकिटावरचा पत्ता पाहून पत्र पोहोचविते. आतील मजकूर त्यास पाहावा लागत नाही. त्याचप्रमाणे ईमेल पोहोचविणाऱ्या यंत्रणेस पत्त्यांची यादी पत्राच्या मजकुराहून वेगळी दिली जाते. बीसीसीतील नावे त्या 'पाकिटा'वर असतात; इतरांच्या हाती पडणाऱ्या 'पत्रा'त नसतात.

एवढीशी गोष्ट, तिचे इतके महत्त्व का? इंग्लंडमधील एक घटना पाहा. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या ताब्यात गेले. ब्रिटिश सरकारसाठी काम केलेले अनेक अफगाण नागरिक तेथून सुटकेची वाट पाहत होते. २० सप्टेंबर २०२१ रोजी ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयातून अशा २४५ जणांना एक ईमेल गेला; परंतु सर्व पत्ते बीसीसीऐवजी 'टू' या रकान्यात घातले गेले. प्रत्येकास इतर सर्वांचे पत्ते दिसले, कित्येकांची छायाचित्रेही दिसली. ही यादी शत्रूच्या हाती लागती, तर माणसांच्या जिवावर बेतले असते. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील माहिती आयुक्तांनी मंत्रालयास साडेतीन लाख पौंडांचा दंड केला. चूक एका रकान्याची, पण टांगणीला लागले ते जीव.

आपल्या नित्याच्या व्यवहारातही हेच तत्त्व लागू पडते. समजा, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचे निमंत्रण दोनशे जणांस धाडावयाचे आहे. त्यांनी आपले पत्ते शाळेस दिले आहेत, एकमेकांस नव्हे. म्हणून 'टू' मध्ये स्वतःचा किंवा शाळेचा पत्ता घालावा आणि बाकी सर्व पत्ते बीसीसीत ठेवावेत. याचा आणखी एक लाभ असा की, कोणी 'सर्वांस उत्तर' हे बटन दाबले, तरी ते उत्तर झाकल्या यादीतील इतरांकडे जात नाही.

तथापि बीसीसीस मर्यादा आहेत. ती मजकुरास कुलूप लावीत नाही. पत्र मिळालेला मनुष्य ते पुढे धाडू शकतो. ज्यास झाकली प्रत मिळाली, त्यानेच 'सर्वांस उत्तर' दिले, तर त्याचे नाव उघड होते. शिवाय घाईत रकाना चुकण्याची भीती सदैव असतेच. म्हणून आजाराविषयीची किंवा तशीच नाजूक माहिती असल्यास प्रत्येकास स्वतंत्र पत्र धाडणे उत्तम. या सोयीचा दुरुपयोगही होतो. दोघांच्या संभाषणात तिसऱ्यास गुपचूप बसविणे हे नियमात बसले, तरी सभ्यतेत बसत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. परंतु कायदा दारापर्यंत येतो. घरातील शिस्त आपणच पाळावयाची असते. दुसऱ्याने विश्वासाने दिलेला पत्ता ही आपल्याजवळची ठेव आहे. पत्र धाडण्याचे बटन दाबण्यापूर्वी पत्त्यांच्या रकान्यांवरून एकवार नजर फिरवावी. ती ठेव जपण्यास तेवढा क्षण पुरतो.