अपत्यहीनता : तपासणी कोणाची?

धायरीत गेल्या महिन्यात जुमाच्या नमाजनंतर एक तरुण माझ्यापाशी थांबला. निकाहला सहा वर्षे झाली, मूल नाही. पत्नीसाठी ताईत हवा होता. तिने तीन दवाखाने पालथे घातले होते, घरच्यांची बोलणी खाल्ली होती. ‘तुमची तपासणी झाली का?’ असे विचारताच तो माझ्याकडे पाहतच राहिला.

सूरह शूराच्या ४९ व ५० व्या आयतींत अल्लाहने स्पष्ट केले आहे की, कोणाला मुली, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही देणे आणि कोणाला अपत्यहीन ठेवणे हे त्याच्याच इच्छेवर आहे. तेथील ‘अकीम’ हा शब्द अरबीत स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होतो. आपल्या मराठीत मात्र ‘वांझ’ बाईला म्हणतात, गाईला म्हणतात, झाडालाही म्हणतात. पुरुषाला सहसा कोणी म्हणत नाही. त्याला ‘निपुत्रिक’ म्हणतात, पण त्या शब्दात दुःख आहे, दोष नाही.

बारा महिने नियमित सहवास असूनही गर्भ न राहणे म्हणजे वंध्यत्व, अशी वैद्यकीय व्याख्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहांतील एकाला, आयुष्यात कधी ना कधी याचा अनुभव येतो. तरीही, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, अशा दांपत्यांपैकी सुमारे ५६ टक्केच मदत मागतात आणि ती प्रत्यक्ष मिळते सुमारे २२ टक्क्यांना.

कारणे अनेक आहेत. स्त्रीबीज वेळेवर न सुटणे, गर्भनलिका बंद होणे (आपल्या देशात यामागे क्षयरोगही असतो), आणि पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतू कमी असणे किंवा नसणे. सुमारे निम्म्या दांपत्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. वीर्यतपासणी बिनवेदनेची, स्त्रीच्या नलिकांची तपासणी मात्र बरीच त्रासाची. मग सोपी तपासणी शेवटी, किंवा कधीच नाही, हा कोणता न्याय?

हजरत जकरिया (अलै.) यांची दुआ सूरह मरयमच्या आरंभी आहे. ते आधी आपली हाडे दुर्बल झाल्याचे, केस पिकल्याचे सांगतात. पत्नीचा उल्लेख त्यानंतर येतो. आणि हजरत आयशा (रजि.) यांना मूल झाले नाही, हे किती सासवांना ठाऊक आहे? भाचा अब्दुल्लाह यांच्या नावावरून त्या ‘उम्मे अब्दुल्लाह’ म्हणवल्या जात. दोन हजारांहून अधिक हदीस त्यांच्याकडून उम्मतला मिळाल्या.

दुआ करावी, पण औषध सोडू नये. इलाज करा, वार्धक्याखेरीज प्रत्येक आजारावर अल्लाहने उपाय ठेवला आहे, या आशयाची शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे.

‘टेस्ट ट्यूब बेबी’ जायज आहे का, असे पुष्कळजण दबक्या आवाजात विचारतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बाळ जन्मले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अम्मान येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने निर्णय दिला : निकाह कायम असताना पतीचे बीज, पत्नीचे बीज आणि त्याच पत्नीचा गर्भाशय असेल, तर गरजेपुरती व पूर्ण दक्षता घेऊन परवानगी आहे, तिसऱ्याचे बीज किंवा गर्भाशय मात्र हराम. म्हणून नमुन्यांची अदलाबदल होऊ नये यासाठी काय व्यवस्था आहे, हे रुग्णालयात आधीच विचारून घ्यावे.

त्या तरुणाला मी ताईत दिला नाही. दोघांसाठी दुआ केली आणि दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले.