गच्चीचं कुलूप काढ

जयपूर, 3 जानेवारी

चि. सौ. मनूस,


संक्रांतीला लेकाला गच्चीवर पाठवायचं नाही, असं तू फोनवर ठणकावून सांगितलंस. मागून जावयांचा आवाज आला, ‘सगळी पोरं जातात, जाऊ दे की!’ मला दोघांचंही पटलं नाही. फोनवर बोललं की वाद होतो आणि मुद्दा बाजूला राहतो, म्हणून हे पत्र. सावकाश वाच आणि जावयांनाही वाचायला दे.

तुम्ही पुण्याहून आलात त्याला अजून वर्ष झालेलं नाही, म्हणून आधी इथली संक्रांत सांगते. आपल्याकडे ती तिळगुळाची आणि हळदीकुंकवाची, इथे ती पतंगाची. सवाई जयसिंहांनी 1727 मध्ये वसवलेल्या जुन्या शहरात, ज्याला इथले लोक परकोटा म्हणतात, घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत आणि गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या. 14 जानेवारीला सकाळपासून घरंच्या घरं वर चढतात. फीणी, तिळाचे लाडू, गरम पकोडे सगळं वरच येतं. पतंग कापला की ‘वो काटा’ची आरोळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. अंधार पडला की आकाशकंदील आणि आतषबाजी. हांडीपुऱ्यात पतंग आणि मांजासाठी कितीतरी दिवस आधीपासून गर्दी असते. अशा दिवशी नऊ वर्षांच्या मुलाला तू खाली खोलीत बसवणार. यंदा तो बसेलही. आणखी तीन वर्षांनी तो तुला न सांगता मित्राच्या गच्चीवर जाईल. तिथे तू नसशील आणि त्याला काही शिकवलेलंही नसेल. बंदी घातली म्हणून धोका टळत नाही मनू, तो आपल्या नजरेआड जातो.

जावयांनाही सांगायचं आहे. ‘सगळी पोरं जातात’ हे खरं, पण सगळी धड परत येतात असं नाही. दर संक्रांतीला इथल्या सवाई मानसिंग रुग्णालयात गच्चीवरून पडलेले आणि मांजाने गळा, चेहरा, बोटं कापलेले लोक येतात. त्यांत लहान मुलंही असतात. तेव्हा तुझी भीती खोटी नाही. फक्त ती सगळ्या धोक्यांवर सारखीच पसरली आहे, आणि तिथेच गल्लत होते.

माझ्या मते मुलांपुढचे धोके दोन जातींचे असतात. काही मुलाला दिसतात, त्यांचा अंदाज घेता येतो, चूक झाली तर लगेच आणि बेताची शिक्षा मिळते. काही दिसतच नाहीत, आणि तिथली पहिली चूकच शेवटची ठरू शकते. न दिसणारे धोके काढून टाकणं हे आईबापांचं काम, ते मुलावर सोडायचं नाही. दिसणारे धोके मात्र मुलाच्या वाट्याचे आहेत, ते त्याच्याकडून काढून घ्यायचे नाहीत. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं. झाडावर चढू देत नाहीत आणि पतंगाची चरखी मात्र न बघता विकत घेतात.

न दिसणाऱ्यांपैकी पहिला, नायलॉनचा मांजा. लोक त्याला चिनी म्हणतात, पण तो आपल्याच देशातही बनतो. सुती दोरा ताण आला की तुटतो. नायलॉनचा तुटत नाही, कापत जातो. कापलेल्या पतंगाबरोबर तो झाडांत आणि खांबांवर अडकतो आणि महिनोन्महिने तसाच लटकतो. रस्त्यावर आडवा आला तर दुचाकीवाल्याला गळ्याला लागेपर्यंत दिसत नाही. धातूची पूड चढवलेला असला आणि विजेच्या तारेला टेकला तर धक्का थेट हातापर्यंत येतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो लपूनछपून विकला जातो. म्हणून चरखी तू स्वतः आण, आणि दोरा घेण्याआधी ओढून, तोडून बघ. पक्ष्यांसाठी इथलं प्रशासन दरवर्षी सकाळी 6 ते 8 आणि संध्याकाळी 5 ते 7 पतंग उडवायला मनाई करतं. त्या वेळी पाखरं घरट्यांतून निघतात नाहीतर परततात. ही वेळ लेकाकडून पाळून घे. आपल्या खेळाचा धोका दुसऱ्या जिवाला असू शकतो, हेही त्याला याच वयात कळू दे.

दुसरा धोका गच्चीचा. तुमच्या सोसायटीच्या गच्चीचा कठडा त्याच्या छातीपर्यंत येतो का, तो हलतो का, पाण्याच्या टाकीचे पाइप कुठे आडवे आहेत, जवळून तारा जातात का, हे आधी वर जाऊन स्वतः बघ. जुन्या हवेल्यांच्या छतांना मधल्या चौकावर लोखंडी जाळी असते, आणि पतंगाच्या नादात तीही लक्षात राहत नाही. डोळे आकाशात असले की पाय आपोआप मागे सरकतात, आणि माणसं पडतात ती बहुधा अशी.

न दिसणारा धोका वय बघत नाही. 11 जुलै 2021 च्या संध्याकाळी आमेरच्या किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर पावसाची मजा घ्यायला गेलेल्या लोकांवर वीज पडली आणि अकरा जण गेले. ते कुणी धाडस करायला गेले नव्हते, मोबाइलवर फोटो काढत उभे होते. ढग गडगडायला लागले की उंच जागेवरून खाली उतरायचं, एवढं एक वाक्य मुलाला पाठ असावं. अशा ठिकाणी त्याचं स्वातंत्र्य वगैरे काही नाही, तिथे आपला हुकूम चालतो.

आता दिसणारे धोके. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर या संशोधक बाईंनी मुलांच्या जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार सांगितले आहेत: उंची, वेग, धारदार हत्यारं, आग-पाण्यासारख्या गोष्टी, झोंबाझोंबी, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. यादी वाचून मला हसू आलं, कारण आपल्या लहानपणच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हे सहाही प्रकार दुपारच्या जेवणाआधीच उरकलेले असायचे. त्यांचं म्हणणं असं, की मूल अशा खेळातून भीतीची सवय करून घेतं आणि भीती त्याच्या काबूत येते. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत अभ्यास झाला. त्यात एक मजेशीर गोष्ट दिसली. पाच ते नऊ या वयात जी मुलं पडून जखमी झाली होती, त्यांच्यात अठराव्या वर्षी उंचीची भीती कमी आढळली. म्हणून मुलांना पाडावं असं कुणी म्हणत नाही. जी मुलं चढायला घाबरत नाहीत तीच जास्त पडत असतील, हेही खरं. पण ‘एकदा पडलं की जन्मभराची धास्ती बसते’ हा आपला समज तेवढा पक्का नाही, इतकं तरी त्यातून कळतं. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 मध्ये मुलांच्या मोकळ्या, जोखमीच्या खेळाची बाजू घेतली. त्यांच्या सल्ल्याचा सारांश असा, की मुलांना गरजेपुरतं सुरक्षित ठेवा, शक्य तितकं नको. पडलेली मुलं दिवसभर तपासणारे डॉक्टरच हे सांगतात, म्हणून मला त्याचं मोल वाटतं.

तेव्हा यंदा काय करायचं ते सांगते. पहिल्या दिवशी त्याच्या हातात फक्त चरखी दे. ढील कधी द्यायची, दोरा कधी गुंडाळायचा, हे चरखी धरूनच कळतं. मग काच न लावलेल्या साध्या सुती दोऱ्यावर लहान पतंग. कन्नी त्याची त्यालाच बांधू दे. चुकली तर पतंग गिरक्या घेईल, मग तो सोडून पुन्हा बांधेल. पेच लावणं आणखी दोन-तीन वर्षांनी. बोटांना चिकटपट्टी लावायची, इथले पट्टीचे पतंगबाजही लावतात. उभं राहायचं ते गच्चीच्या मधोमध. जागा बदलायची तर आधी खाली बघायचं, मगच पाऊल. तारेत अडकलेला पतंग गेला असं समजायचं, काठी किंवा सळई घेऊन काढायला जायचं नाही. कापलेल्या पतंगामागे रस्त्यावर किंवा दुसऱ्याच्या गच्चीवर धावायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात कठीण, कारण लुटलेल्या पतंगाची चव विकतच्याला येत नाही. तरी तो मोडला तर त्या दिवसापुरता पतंग बंद, आणि हे आधीच ठरलेलं असू दे.

तू वर हजर राहा, पण दर मिनिटाला ‘पडशील, पडशील’ करू नकोस. त्या शब्दाने मूल दचकतं आणि काय करायचं ते त्यातून कळत नाही. त्याऐवजी विचार, ‘पाय कुठे आहेत तुझे?’ तो खाली बघेल आणि स्वतःच सावरेल. दोन-चारदा विचारलंस की पुढे तो मनातल्या मनात स्वतःलाच विचारायला लागेल. मला हवं आहे ते एवढंच.

आता एक कडू गोष्ट. गच्चीला तू घाबरतेस, पण त्याला शाळेत सोडताना टोंक रोडवर स्कूटरवर बिनहेल्मेटचा नेतेस. धाकटी लेक तर पुढे उभी असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं केलं आहे. कायदा राहू दे, संक्रांतीच्या दिवसांत रस्त्यावर आडवा मांजा आला तर पुढे उभ्या असलेल्या पोरीला तो आधी लागेल. रोजचा धोका अंगवळणी पडतो म्हणून दिसेनासा होतो. आधी दोघांना हेल्मेट आण, मग पतंगाचं बोलू.

धाडस कुणाच्या हौसेसाठी, हेही तपासत जा. आपल्याकडे दहीहंडीच्या सगळ्यात वरच्या थरावर लहान मूल चढवलं जायचं. बक्षीस मंडळाचं, टाळ्या पुढाऱ्याच्या, हाड मोडलं तर मुलाचं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 2017 मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांत घ्यायचं नाही असं ठरलं. मला ते योग्य वाटतं, कारण ती जोखीम मोठ्यांनी मुलाच्या खांद्यावर ठेवलेली होती. उद्या जावयांना शेजाऱ्याचा पतंग कापायची ईर्ष्या चढली आणि त्यांनी लेकाला कठड्यावर उभं केलं, तर माझं हे पत्र त्यांना परत वाचून दाखव.

धाकटीलाही वर ने. इथल्या गच्च्यांवर मुली बहुधा भावाची चरखी धरून उभ्या असतात, नाहीतर खालून पकोडे आणत असतात. तिच्याही हातात दोरा येऊ दे. भावापेक्षा तिला जास्त जपलंस तर भीती फक्त तिच्या वाट्याला जाईल.

आणि खाली रस्त्यावर बघ. काटेरी फांदी बांधलेला बांबू घेऊन धावणारी पोरं दिसतील, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईचा मुलगाही कदाचित त्यांत असेल. त्यांना मोकळीक भरपूर आहे, पण रस्त्यावरच्या गाड्यांपासून वाचवणारं कुणी नाही. तुमच्या सोसायटीतल्या मुलांना वाचवणारे भरपूर आहेत, पण मोकळीक नाही. त्या मुलाला त्या दिवशी गच्चीवर बोलाव. दोघांनाही हवं ते मिळेल, आणि पतंग कसा उडवायचा ते तुझा लेक त्याच्याकडून आपल्यापेक्षा लवकर शिकेल.

तेव्हा येत्या रविवारी हेल्मेटं आण, लेकाला घेऊन हांडीपुऱ्यात जा, दोरा तोडून बघून घे, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली मागून ठेव. कठडा कमी उंचीचा निघाला तर सगळ्यांना घेऊन आमच्याकडे या, आमचा पुरेसा उंच आहे. त्याला संक्रांत नाकारू नकोस.

जावयांना आशीर्वाद, मुलांना गोड पापा.

तुझी,
आत्या