सोनोग्राफीत किरण नसतात

पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरात गरोदर स्त्रीला सोनोग्राफी सांगितली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो तो मशीनच्या किरणांनी बाळाला अपाय होईल का, हा. १९६९ पासून अणुवीज केंद्राच्या सान्निध्यात राहणाऱ्यांना ‘किरण’ या शब्दाची धास्ती वाटावी हे स्वाभाविक आहे. परंतु एक्स-रे आणि सीटी स्कॅन यांत क्ष-किरण वापरतात, तर सोनोग्राफीत कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र उमटवले जाते, त्यामुळे ती भीती येथे पूर्णतः अनाठायी ठरते.

हा गैरसमज जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर सर्वांत महाग पडतो. तेथे तपासणीसाठी एका दिवसाची मजुरी बुडते, प्रवासखर्च वेगळा. शिवाय गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार केंद्र नोंदणीकृत आणि तपासणी करणारा डॉक्टर पात्र असावा लागतो, आणि ही अट रास्तच असली तरी डॉक्टरची जागा रिकामी राहिली की यंत्र असूनही उपयोग होत नाही. ज्या १८ ते २० आठवड्यांत बाळातील व्यंगे नीट दिसतात, ते अनेकींचे गाव सोडून मजुरीसाठी गेलेल्या वीटभट्टीवर सरतात. मग सातव्या महिन्यात रक्तस्राव सुरू झालेली स्त्री गळ्यात भगताचा दोरा आणि नोंदणी नसलेल्या ‘डॉक्टर’चे इंजेक्शन घेऊन रुग्णालयात पोचते आणि वार, म्हणजे बाळाला पोसणारा अवयव, गर्भाशयाच्या तोंडावर असल्याचे तेव्हा प्रथमच कळते. यात दोष त्या स्त्रीचा नाही; सोनोग्राफीची भीती घालणाऱ्या मोबाइलवरील चित्रफितींवर विसंबून तिला घरी थांबवणाऱ्यांचा मात्र निश्चित आहे.

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे वा चेहऱ्यावर सूज येणे, यांपैकी काहीही दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. लक्षणे नसलेल्या बहुतेक स्त्रियांना घाबरण्याचे कारण नाही. तरीही २४ आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची शिफारस आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात गरोदर स्त्रीच्या तपासण्या आणि रुग्णालयापर्यंतचा प्रवास मोफत आहे, तर दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरकडून विनामूल्य तपासणी होते. हा हक्क असल्याने तो आशाताईंकडे निःसंकोच मागावा. भट्टीवर निघताना सोनोग्राफीचा अहवाल आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे, म्हणजे अडचणीच्या वेळी जवळच्या रुग्णालयातील अनोळखी डॉक्टरलाही वार कोठे आहे हे लगेच समजेल.